ऑक्सफर्डला म्युझियम बघायला जाताय? आधी वार बघा

आम्ही पहिल्यांदा गेलो तो सोमवार होता आणि तिथेच सगळं फसलं. आई-बाबा मिरजेहून आलेले, बाबांनी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यांना एकच गोष्ट बघायची होती, आइन्स्टाइनने लिहिलेला फळा. बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल म्हणाले. तर त्या म्युझियमच्या पायऱ्यांवर आम्ही उभे, वरून रिपरिप चालू, आणि दार बंद, कारण सोमवारी ते उघडतच नाही. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन वर्षांत आठ-दहा वेळा तरी जाणं झालंय. रेडिंगला राहतो, ट्रेनने अर्ध्या तासात ऑक्सफर्ड, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की गाडी तिकडेच वळते, कधी मावशी-काका, कधी भाचा, कधी नवऱ्याच्या ऑफिसातले. आणि दर वेळी काहीतरी नवीन चुकलंच. त्या सगळ्या चुका एका जागी लिहून ठेवतेय, मुलगा किंवा मुलगी शिकायला आहे म्हणून येणारे आई-वडील असोत नाहीतर नुकतेच इथे नोकरीला आलेले, निदान सोमवार तरी वाचेल तुमचा.

१. "युनिव्हर्सिटी कुठाय?" असं विचारू नका

पुणे विद्यापीठाला कसं एक गेट आहे, आत गेलं की झाडं, मग ती मुख्य इमारत. इथे तसं काही नाही. युनिव्हर्सिटी म्हणजे शहरभर विखुरलेली तीसहून जास्त कॉलेजं, लायब्ररी, लॅब आणि म्युझियम्स, मधूनमधून दुकानं आणि बसस्टॉप. आमचे काका अर्धा तास "मेन गेट" शोधत होते, शेवटी एका भिंतीसमोर फोटो काढला, ती बँकेची निघाली.

डोक्यात एवढं पक्कं ठेवा: कॉलेज वेगळं, म्युझियम वेगळं. प्रसिद्ध कॉलेजांत आत जायला तिकीट लागतं, वेळा त्यांच्या मर्जीच्या, परीक्षा किंवा कार्यक्रम असला की दारावर "बंद" पाटी. युनिव्हर्सिटीची चार मोठी म्युझियम्स मात्र फुकट आहेत, अगदी परदेशी पाहुण्यांनाही:

- अ‍ॅशमोलियन (कला आणि पुरातत्त्व), ब्यूमाँट स्ट्रीट
- नॅचरल हिस्ट्री म्युझियम (डायनोसॉर, डोडो, खडक, किडे), पार्क्स रोड
- पिट रिव्हर्स (जगभरच्या माणसांच्या वस्तू), नॅचरल हिस्ट्रीच्या पोटातून रस्ता
- हिस्टरी ऑफ सायन्स म्युझियम (तोच तो फळा), ब्रॉड स्ट्रीट

पाचवी बोडलियन लायब्ररी, तिचं गणित वेगळं आहे, पुढे सांगते.

२. आधी वार, मग घड्याळ

अ‍ॅशमोलियन आणि नॅचरल हिस्ट्री रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५. पिट रिव्हर्स मंगळवार ते रविवार १० ते ५, पण सोमवारी दुपारी १२ ला उघडतं. हिस्टरी ऑफ सायन्स सोमवारी बंद, इतर दिवशी दुपारी १२ ते ५. म्हणजे सकाळी दहाला फळ्यापाशी पोचून उपयोग नाही, तो जेवणानंतरचा कार्यक्रम. नाताळात दोन-तीन दिवस सगळंच बंद असतं.

वेळा मध्येच बदलतात, कधी एखादी गॅलरी डागडुजीला बंद, म्हणून आदल्या रात्री वेबसाईट उघडून बघाच. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलेय: नॅचरल हिस्ट्री म्युझियम असं सर्च केलं की लंडनचं म्युझियम आधी येतं, मी त्याच्याच वेळा आणि त्याचंच बुकिंग बघत बसले होते. नावाच्या पुढे ऑक्सफर्ड टाका.

शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्यांत नॅचरल हिस्ट्रीत पोरांचा एवढा कल्ला असतो की डायनोसॉर जिवंत झाला तरी कळणार नाही. सगळ्यात बरा म्हणजे शाळा चालू असतानाचा मंगळवार ते गुरुवार. सप्टेंबरमध्ये एक वीकेंड ऑक्सफर्ड ओपन डोअर्स असतो, तेव्हा एरवी बंद असलेल्या बऱ्याच इमारती लोकांसाठी उघडतात. गर्दी होते पण जमत असेल तर तोच धरा.

३. जायचं कसं

लंडनहून ट्रेन पॅडिंग्टनवरून साधारण तासाभरात पोचवते, मॅरिलबोनवरूनही एक लाईन आहे, तिला थोडा जास्त वेळ लागतो. बरोबर साठीच्या पुढचे कुणी असतील तर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर त्यांचा पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते आणि कार्ड वर्षभर चालतं, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे पैसे दोन-तीन फेऱ्यांत वसूल. फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळेत ते सगळीकडे चालत नाही, म्हणून जरा उशिराची गाडी धरा, तशीही म्युझियम्स दहाच्या आधी उघडत नाहीत.

बसने स्वस्त पडतं. लंडनच्या व्हिक्टोरियाहून ऑक्सफर्ड ट्यूब नावाची सर्व्हिस आहे, दिवसरात्र चालते. नाव ट्यूब असलं तरी ती बस आहे, खाली मेट्रोत शोधायला जाऊ नका. (हसू नका, भाचा गेला होता.) ग्लॉस्टर ग्रीनला उतरलात की अ‍ॅशमोलियन चार-पाच मिनिटांवर, रेल्वे स्टेशनवरून दहा मिनिटं चालत.

गाडी? शक्यतो नकोच. शहराच्या कडेला पार्क अँड राईडचे मोठे पार्किंग आहेत, तिथे गाडी लावून बसने आत यायचं. हाय स्ट्रीटवर दिवसा फक्त बस-टॅक्सीला परवानगी असलेला टप्पा आहे आणि तिथे कॅमेरा आहे, नॅव्हिगेशनच्या भरवशावर आत शिरलात की दहा-बारा दिवसांनी घरी दंडाचं पत्र. आमच्या घरी आलंय, चूक आमचीच होती, पाटी मोठी होती.

४. पिशवीत काय घ्यायचं

- छोटी सॅक. मोठी सुटकेस घेऊन थेट विमानतळावरून येऊ नका, म्युझियम्स ती ठेवून घेत नाहीत
- लॉकरसाठी एक पौंडाचं नाणं, असू दे खिशात
- फोटो असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स), विद्यार्थी असाल तर कॉलेजचं कार्ड, तिकीट असलेल्या प्रदर्शनांना सूट मिळू शकते
- पेन्सिल आणि वही. पेन नको, कारण खाली दहाव्या पायरीत
- पाण्याची बाटली, घरचा डबा (गॅलरीत खायचं नाही, पण बाहेर बाग आहे)
- चालायचे बूट. आईने पहिल्या वेळी नवीन सँडल घातले होते, त्याबद्दल जास्त बोलत नाही
- छत्री, हे सांगायला नकोच

५. चारही एका दिवसात? नाही जमत

फुकट म्हटलं की आपला जीव राहत नाही, आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ. मी केलंय. संध्याकाळी मोबाईलमध्ये चारशे फोटो होते आणि कुठला कशाचा ते कुणालाच सांगता येईना. माझं आताचं मत: दिवसाला एक मोठं आणि एक छोटं, बास. नॅचरल हिस्ट्री आणि पिट रिव्हर्स एकाच छताखाली आहेत म्हणून ती दोन मिळून एक मोठं धरा.

मुलं असतील तर सकाळी नॅचरल हिस्ट्री, तिथूनच पिट रिव्हर्स, युनिव्हर्सिटी पार्क्समध्ये डबा, दुपारी फळा. मोठी माणसं असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर सकाळी अ‍ॅशमोलियन (लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत), जेवण, मग ब्रॉड स्ट्रीटवर फळा आणि समोरच वेस्टन लायब्ररी. चालायचं अंतर कुठेच दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

६. अ‍ॅशमोलियन: वरून खाली या

ब्रिटनमधलं हे पहिलं सार्वजनिक म्युझियम, १६८३ मध्ये उघडलं. ट्रेडस्कँट नावाचे बाप-लेक माळी होते, त्यांनी जगभरातून गोळा केलेल्या अजब वस्तू इलायस अ‍ॅशमोलकडे आल्या आणि त्याने त्या युनिव्हर्सिटीला दिल्या. तेव्हा सहा पेनी दिले की कुणालाही आत सोडायचे. १७१० मध्ये उफेनबाख नावाचा एक जर्मन विद्वान आला होता, त्याला हे मुळीच आवडलं नाही, इथे बायकांनासुद्धा आत घेतात म्हणून त्याने तक्रार लिहून ठेवलीये. मला आत शिरताना दर वेळी तो आठवतो आणि फार बरं वाटतं.

आताची खांबांची भव्य इमारत १८४५ ची, आतला काचेचा जिना आणि मजले २००९ चे. तळमजल्यावर प्राचीन जग, पहिल्यावर आशिया, दुसऱ्यावर पूर्व-पश्चिमेची गाठभेट, तिसऱ्यावर युरोपची कला. सगळे लोक दारातून शिरून तळमजल्यावरच इजिप्तमध्ये अडकतात आणि वरती जाईपर्यंत दमतात. तुम्ही लिफ्टने वर जा आणि उतरत या. वरच्या मोठ्या प्रदर्शनाला तेवढं तिकीट असतं, ते न घेताही दिवस पुरत नाही.

काय चुकवायचं नाही, माझ्या मते:

आल्फ्रेड ज्युवेल. नवव्या शतकातला, तळहातात मावेल एवढा सोन्याचा दागिना, कडेने जुन्या इंग्रजीत कोरलंय की आल्फ्रेडने (म्हणजे बहुधा त्या काळच्या राजा आल्फ्रेडने) मला घडवून घेतलं. १६९३ मध्ये सॉमरसेटमध्ये जमिनीत सापडला. एवढासा असतो की लोक समोरून निघून जातात.

मसाया व्हायोलिन. इटलीतल्या स्ट्रॅडिव्हरी या नामांकित कारागिराने १७१६ मध्ये बनवलेलं, आणि इतकं कमी वाजलेलं की आजही नव्यासारखं दिसतं. काचेत आहे, वाजवत नाहीत. बाबा मिरजेचे, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत लहानाचे मोठे झालेले, ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तंबोरा असा नुसता ठेवला तर आवाज बसतो गं त्याचा." शेजारी उभ्या असलेल्या गार्डला मी ते इंग्रजीत सांगितलं, तो म्हणाला हा वाद इथे फार जुना आहे.

आपल्याकडच्या वस्तू दोन ठिकाणी आहेत, प्राचीन भारत खाली आणि नंतरचा वरच्या मजल्यावर, दोन्ही वेगळे शोधावे लागतात. खालच्या भागात बंगालमधल्या तामलुकला सापडलेली मातीची यक्षी आहे, इ.स.पू. २०० च्या आसपासची. अंगावर दागिने किती ते मोजायला आईने सुरुवात केली आणि कंबरपट्ट्यापर्यंत येऊन सोडून दिलं. या संग्रहातल्या बऱ्याच गोष्टी आधी ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये होत्या, १९६० च्या दशकात इकडे आल्या. ती इमारत अजून आहे, छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती फिरतो, वर बघा म्हणजे दिसेल. आतमध्ये पायाभरणीचा देवनागरीतला संस्कृत शिलालेखसुद्धा आहे, पण आता तिथे युनिव्हर्सिटीचं दुसरं काम चालतं.

मन लागलं तर ग्रीक पुतळे, लॉरेन्स ऑफ अरेबियाचे कपडे, पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा कंदील, हे सगळं आहेच. १९९९ च्या ३१ डिसेंबरला फटाक्यांच्या आवाजात चोर छतातून उतरला आणि सेझानचं एक चित्र घेऊन गेला, ते अजून परत आलेलं नाही, ही गोष्ट मुलांना सांगा, मग ती सगळ्या छताकडे बघत फिरतात आणि तुम्हाला दहा मिनिटं शांतता मिळते.

७. नॅचरल हिस्ट्री: डोडोबद्दल आधीच सांगून ठेवा

१८६० मध्ये उघडलेली इमारत, लोखंड आणि काचेचं छप्पर, एखाद्या जुन्या रेल्वे स्टेशनसारखं. आत शिरलात की सांगाड्यांकडे धावण्याआधी खांब बघा. प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या खडकाचा आहे आणि खाली नाव लिहिलंय. खांबांच्या डोक्यावरची पानं-फुलं आयर्लंडहून आलेल्या ओशे भावांनी कोरली, बागेतून खरी झाडं आणून समोर ठेवून. याच इमारतीत १८६० च्या जूनमध्ये उत्क्रांतीवर हक्स्ली आणि बिशप विल्बरफोर्स यांची ती गाजलेली जुंपली होती.

बकलंड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ज्याचं वर्णन लिहिलं तो मेगालोसॉरस, म्हणजे शास्त्रीय नाव मिळालेला जगातला पहिला डायनोसॉर, त्याचा जबडा इथे आहे. टी रेक्ससमोर फोटोची रांग आणि या जबड्यासमोर कुणी नाही, असं असतं.

आता डोडो. जगात डोडोची चामडी, मांस असं काही शिल्लक असेल तर ते याच म्युझियमकडे, एक डोकं आणि पायाचा थोडा भाग. ट्रेडस्कँटच्याच संग्रहातला पक्षी तो. २०१८ मध्ये स्कॅन केल्यावर कवटीत शिशाचे छर्रे सापडले, म्हणजे कुणीतरी मागून गोळी घातली होती. पण खरं डोकं जपून आत ठेवलेलं असतं, बाहेर तुम्हाला प्रतिकृती आणि मॉडेल दिसतं. आमच्या चिरंजीवांना हे तिथे गेल्यावर कळलं आणि भर हॉलमध्ये "म्हणजे खोटा डोडो?" असं मराठीत ओरडून झालं. घरूनच सांगून न्या.

८. पिट रिव्हर्स: डोळ्यांना सवय होऊ द्या

मॅपवर पत्ता टाकलात तर तो मागच्या गल्ल्यांत फिरवतो. दार नॅचरल हिस्ट्रीच्या आतून, हॉल ओलांडून सरळ शेवटच्या भिंतीत. लख्ख उजेडातून एकदम अंधारात शिरता, वस्तू खराब होऊ नयेत म्हणून दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. दोन मिनिटं नुसते उभे राहा.

१८८४ मध्ये जनरल पिट रिव्हर्सने आपला संग्रह दिला तेव्हापासून इथली मांडणी देशाप्रमाणे नाही, वस्तूच्या कामाप्रमाणे आहे. म्हणजे भारताची खोली, आफ्रिकेची खोली असं शोधू नका, मिळणार नाही. एका कपाटात सगळ्या जगाची कुलपं, दुसऱ्यात बासऱ्या, तिसऱ्यात दिवे, वरून होड्या लटकतायत, भिंतीला कॅनडाच्या हायडा लोकांचा अकरा मीटरपेक्षा उंच लाकडी खांब. ताईत आणि दृष्टीच्या वस्तूंचं कपाट आईला सापडलं आणि मग ती हललीच नाही. इंग्लंडच्या खेड्यातले लोकसुद्धा दाराला काय काय टांगायचे ते बघून म्हणाली, "मग आपल्या लिंबू-मिरचीला का नावं ठेवतात?" तिथेच एक चंदेरी बाटली आहे, आत चेटकीण कोंडलीये असं सांगून एका म्हातारीने ती १९१५ च्या सुमारास दिली होती. बूच अजून कुणी काढलेलं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कपाटांच्या खालचे बरेच ड्रॉवर उघडायचे असतात, लोकांना वाटतं हात लावायचा नाही, आणि अर्धं म्युझियम तसंच राहून जातं. आणि जुने व्हिडिओ बघून आकसवलेली माणसांची मुंडकी बघायला येत असाल तर ती आता नाहीत. २०२० मध्ये ती आणि इतर मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. मला ते बरोबर वाटतं, कुणाच्या तरी आजोबांचं डोकं ते. अशा संग्रहातलं बरंचसं साम्राज्याच्या काळात कसं गोळा झालं याबद्दल म्युझियमने स्वतःच पाट्या लावल्यात, त्या वाचा.

तासाभराने डोकं भरतं. तेव्हा बाहेर पडा, बळजबरी करू नका.

९. फळा, आणि लायब्ररी

हिस्टरी ऑफ सायन्स छोटं आहे, तासाभरात होतं. इमारत मात्र मूळ अ‍ॅशमोलियनची, १६८३ चीच. इथला अ‍ॅस्ट्रोलेबचा संग्रह, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढायच्या पितळी चकत्या, जगातला सगळ्यात मोठा, त्यात लाहोरच्या कारागिरांनी केलेलेही आहेत. पहिल्या पेनिसिलिनच्या वेळची भांडीसुद्धा ठेवलीत.

फळा १६ मे १९३१ च्या व्याख्यानातला. आइन्स्टाइनने विश्वाची घनता, त्रिज्या आणि वय किती याची गणितं मांडली, व्याख्यान संपल्यावर लोकांनी पुसू दिला नाही. खरं तर दोन फळे उचलून ठेवले होते, दुसरा म्हणे साफसफाईत पुसला गेला. बाबा दुसऱ्या खेपेला, मंगळवारी दुपारी, अखेर त्याच्यासमोर उभे राहिले. पाच मिनिटं काही नाही. मग म्हणाले, "अक्षर बरं आहे." शिक्षक तो शिक्षक.

बोडलियन लायब्ररीचं असं आहे की बाहेरचं अंगण फुकट, आत जायला तिकीट. पंधराव्या शतकातलं डिव्हिनिटी स्कूल स्वतःहून बघता येतं. पण वरचं ड्यूक हम्फ्री, म्हणजे जुन्या पुस्तकांची ती सिनेमात शोभेल अशी लाकडी खोली, ती फक्त गाईडबरोबरच्या टूरमध्ये दिसते. अर्ध्या तासाची, तासाची, दीड तासाची अशा टूर असतात, उन्हाळ्यात भरून जातात, आठवडाभर आधी ऑनलाइन घ्या. लहान मुलांना टूरमध्ये वयाची अट असते, बुक करताना वाचा, नाहीतर एक जण मुलाला घेऊन बाहेर अंगणात बसतो (मी). तो प्रसिद्ध गोल घुमट, रॅडक्लिफ कॅमेरा, त्यात विद्यार्थी अभ्यास करत असतात, दारावर टकटक करू नका.

पैसे घालवायचे नसतील तर समोर वेस्टन लायब्ररी. खालच्या हॉलमध्ये हस्तलिखितांची प्रदर्शनं फुकट असतात, कॅफे आहे, स्वच्छ बाथरूम आहे, अंग शेकायला जागा आहे.

१०. कपाटात ठेवलेलं बघायचंय? हो, मिळतं

हे बहुतेकांना माहीतच नसतं म्हणून इथे जरा जास्त लिहिते. म्युझियममध्ये दिसतं ते थोडं, बाकी सगळं आत. आणि ते बघायला तुम्ही प्रोफेसर असायची गरज नाही. अ‍ॅशमोलियनच्या प्रिंट रूममध्ये आधी वेळ घेऊन कुणीही जाऊ शकतं, राफाएलच्या ड्रॉइंग्जचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे. पूर्वेकडच्या कलेसाठी जमील स्टडी सेंटर, नाण्यांसाठी हेबरडेन कॉइन रूम, पिट रिव्हर्समध्येही अभ्यासासाठी वस्तू काढून दाखवतात. मी जमीलमध्ये एकदा गेले. टेबलावर मऊ आधार, त्यावर चित्र, मध्ये काच नाही.

कसं करायचं:

पहिलं, त्या म्युझियमचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा आणि हवी ती वस्तू शोधा. इथे युक्ती अशी की जुनी इंग्रजी स्पेलिंग टाका. पुणे टाकून थोडंच हाती लागतं, पूना टाकलं की यादी लांबते. तसंच मुंबईऐवजी बॉम्बे, मराठाऐवजी मरहट्टा, साताऱ्यालासुद्धा दोन टी लावून बघा. ज्याने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी चिठ्ठी लिहिली त्याच्या कानाने ऐकायचं.

दुसरं, वस्तूच्या नोंदीत एक नंबर असतो, अ‍ॅक्सेशन नंबर, तो टिपून घ्या. नंबराशिवाय ईमेल केलात तर दोन आठवडे प्रश्नोत्तरांतच जातात.

तिसरं, ईमेल. कोण आहात, काय बघायचंय (नंबरांसकट), कशासाठी, कुठल्या तारखा चालतील, किती जण. "आवड म्हणून" हे कारण चालतं, मी तेच लिहिलं होतं, उगाच पीएचडीचा आव आणू नका. चार-सहा आठवडे आधी लिहा आणि पाच-सहाच वस्तू मागा.

चौथं, त्या दिवशी फोटो असलेलं ओळखपत्र, पेन्सिल (शाईचं पेन चालत नाही), हात धुतलेले, बॅग लॉकरमध्ये. फोटो काढायचा तर विचारून, फ्लॅश नाही.

बोडलियनची हस्तलिखितं मागवायची असतील तर रीडर कार्ड लागतं, त्याला मात्र खरंच कारण द्यावं लागतं, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, गरज असेल तर तुमच्या संस्थेचं पत्र. कार्ड घेताना शपथ असते, लायब्ररीत आग किंवा ज्योत आणणार नाही वगैरे, आणि तिची भाषांतरं शंभराहून जास्त भाषांत आहेत. आपल्याशी नातं असलेलं तिथे काय काय आहे म्हणाल तर स्वामीनारायण पंथाच्या सहजानंद स्वामींनी १८३० मध्ये राजकोटला मुंबईच्या गव्हर्नर माल्कमला दिलेली शिक्षापत्रीची (पंथाच्या आचारनियमांच्या पुस्तकाची) प्रत तिथेच आहे. आणि ज्या बोडन प्राध्यापकांनी इथे संस्कृत शिकवलं त्या पदाचे पैसे ठेवणारा कर्नल बोडन बॉम्बेच्याच फौजेतला.

११. पोट, पाय आणि पाच वाजले की

म्युझियमचे कॅफे चांगले आहेत पण चार जणांचं बिल बघून आईने लगेच रुपयांत गुणाकार केला. हाय स्ट्रीटला लागून कव्हर्ड मार्केट आहे, १७७४ पासूनचं, तिथे कमी पैशांत गरम काहीतरी मिळतं. नाहीतर पार्क्समध्ये बाकावर डबा, थालीपीठ थंडही छान लागतं.

वेळ उरला तर समरव्हिल कॉलेजवरून एक फेरी मारा, वुडस्टॉक रोडवर. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथे आल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली बाई.

पावणेपाचला गार्ड हळूहळू दारं लावायला लागतात, शेवटच्या अर्ध्या तासात नवीन मजला सुरू करू नका. त्यानंतर ट्रेन खचाखच भरून जातात. आम्ही म्हणून थांबतो. क्राइस्ट चर्चला दिवसा आत जायचं तिकीट बऱ्यापैकी महाग आहे, पण तिथल्या कॅथेड्रलमध्ये बहुतेक दिवशी संध्याकाळी ६ ला इव्हनसाँग असतं, म्हणजे मुलांच्या आवाजातली प्रार्थना, ती सगळ्यांना फुकट. वीस मिनिटं आधी गेटवर जाऊन सांगायचं की इव्हनसाँगला आलोय. कुठल्या धर्माचे ते कुणी विचारत नाही, मोबाईल तेवढा बंद करा, फोटो नाही, मधेच उठायचं नाही. पाऊण तास बसायला मिळतं, गुडघ्यांनाही तेवढाच आराम, आणि बाहेर येईपर्यंत स्टेशनवरची गर्दी पांगलेली असते.